पुढून येणारा आवाज

१

दुपारची भांडी झाली की रोहिणी गच्चीवरच्या खोलीत जाऊन पंखा बंद करी. मग खिडकी, मग दार. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गोधड्या टांगल्या होत्या. पंखा थांबला की जुन्या लुगड्यांचा वास खोलीत उभा राही, आणि जेल रोडची सगळी वर्दळ कुणीतरी पेटीत घालून झाकण लावल्यासारखी लांब जाई. मागच्या अंगाला मनमाडकडे जाणारा रेल्वेमार्ग होता. गाडी आली की थांबायचं, गेली की पुन्हा सुरू करायचं. हा रोजचा रिवाज.

याच खोलीवर रोहिणीचं पोट चाले. शाळांच्या गॅदरिंगची गाणी इथे झाली होती, साडीच्या दुकानांच्या जाहिराती झाल्या होत्या, जयंतीला वाजणारी गाणी तर ढिगाने. एका माणसाचा आवाज मात्र इथे कधी भरला गेला नव्हता. तिच्या आईचा.

विमलाबाईंनी जन्मभर झील ओढली. नवरा, चंदर शाहीर, डफ घेऊन पुढे उभा राही आणि ओळ टाकी. ओळीचा शेवटचा शब्द त्याच्या तोंडून सुटायच्या आत विमलाबाई मागून तो उचलत आणि असा लांबवत, की मांडवाच्या टोकाला बसलेला माणूसही मान वर करी. कॅसेटी निघाल्या. वर छापलं होतं, ‘चंदर शाहीर आणि साथी’. साथी म्हणजे ही बाई. शाहिरांना शाली मिळाल्या, नारळ मिळाले. ते गेल्यावरच्या समारंभात विमलाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं आणि निवेदक माइकवरून म्हणाला, “त्यांच्या सुविद्य पत्नी.” त्या चौथी शिकलेल्या होत्या. नाव विचारायची तसदी त्याने घेतली नव्हती, शिक्षण कुठलं विचारतो!

आता त्यांच्या घशात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन. आवाज राहील का, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, “बघू.”

“बघू म्हणजे?” रोहिणी खुर्चीवरून उठलीच. “तुम्ही फक्त बघणार, डॉक्टर. ऐकायचं आम्हाला आहे.”

म्हणून सोमवारच्या आत आवाज भरून घ्यायचा होता. शाहिरांची गाणी नव्हेत. बहात्तरच्या दुष्काळात सिन्नरच्या बाजूला रस्त्याच्या कामावर पाट्या वाहताना विमलाबाईंनी स्वतः जुळवलेली गाणी. त्यातलं मुख्य एक, पाटीचं. ते कुठल्याही मांडवात कधी म्हटलं गेलं नव्हतं.

“हां, कर सुरू,” रोहिणी म्हणाली.

विमलाबाई डोक्यावर हेडफोन चढवून बसल्या होत्या. “हे लावून मी इमान उडवनारी दिसत आसंल.”

“आई, गा.”

“पुढं कोन हाय?”

“कोणी नाही. तूच पुढे.”

“आसं कसं?” विमलाबाई खरोखर गोंधळल्या. “पुढं कोनी नसलं, तं मी उचलू काय?”

तरी त्यांनी सुरुवात केली. आवाज चाचपडत होता, काळोखात भिंत शोधणाऱ्या हातासारखा. आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर पडद्यावर लाल चौकट आली: प्रोसेसरवर अतिभार. रेकॉर्डिंग थांबले आहे.

२

एक माइक, एक आवाज. याच संगणकावर आदल्या आठवड्यात ढोल-ताशाचं अख्खं पथक बसवलं होतं, तेव्हा त्याला घाम फुटला नव्हता. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं: इतर प्रोग्राम बंद करा, इफेक्ट काढा, तरीही अडचण आली तर नवा संगणक घ्या. म्हणजे चूक गिऱ्हाइकाची. रोहिणीने ते पान बंद केलं आणि महेशला फोन लावला. महेश कॉलेज रोडला स्टुडिओंचे संगणक जुळवून देई, दुरुस्त करी, आणि स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसे.

“ताई, वाय-फाय बंद केलंस?”

“केलं.”

“इफेक्ट?”

“एकही नाही. कोरा आवाज आहे, महेश. कोरा! प्रोसेसरवरचा भार दाखवणारं मीटर बघावं तर कधी पाव भरलेलं असतं, कधी एकदम काठोकाठ.”

“मावशीचा आवाजच वजनदार. मशीनला पेलवेना.” तो हसला. मग म्हणाला, “बफर एक पायरी वाढव.”

बफर म्हणजे संगणकाने हाताशी राखलेला वेळ. कमी ठेवला तर तो धापा टाकतो. वाढवला तर त्याला उसंत मिळते, पण गाणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज जरासा उशिरा पडतो. गाणारे वैतागतात, अडखळतात. रोहिणीने पायरी वाढवली आणि आई अडखळणार म्हणून ओठ दाबून बसली.

विमलाबाई सरळ झाल्या. डोळे मिटले. आवाज उठला, आणि तो मांडवातला होता.

*पुढलीच्या डोईवर मातीची पाटी गं,*
*मागलीच्या वाट्याला सांडली ती माती गं...*

लाल चौकट आली नाही. कडवं पुरं झालं. रोहिणीच्या अंगावर काटा आला होता, आणि तो कौतुकाचा होता.

“आता बरं झालं,” विमलाबाई म्हणाल्या. “आता पुढं कोनीतरी हाय.”

“कोण?”

“मीच हाय वाटतं. माझाच आवाज हाय. पन पुढं हाय.”

“मागून येतो तो, आई. तू गातेस, मग कानात उशिरा येतो. मशीनचं तसंच असतं.”

“मला सांगती!” विमलाबाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “झील धरता धरता केस पिकले माझे. पुढचा कुठला आन् मागचा कुठला, मला कळत नाय व्हय?”

३

आई खाली चहा ठेवायला गेली तेव्हा रोहिणीने हेडफोन स्वतः लावले. तिला भांडायला पुरावा हवा होता.

माइक चालू होता, रेकॉर्डिंगही. कानात खोलीची शांतता होती, थोडी जाड, पाण्याखालच्यासारखी. मग गाडीचा हॉर्न आला. गाडी आली की थांबायचं, या सवयीने तिने रेकॉर्डिंग थांबवलं, हेडफोन उतरवले आणि खिडकीकडे पाहिलं. रूळ रिकामे होते. उन्हात एक शेळी रुळांच्या कडेचं गवत ओढत होती. लांब एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या धुरकट दिसत होत्या, कुणी पेन्सिलीने काढून पुसल्यासारख्या.

तिने कानाला हात लावला. मग हॉर्न वाजला. शेळी उडी मारून बाजूला झाली आणि मालगाडी धडधडत आली.

आवाज उन्हात लांबून येतो, तारांतून येतो, रुळांतून येतो. मालगाडी वळणावर असेल. माइक चांगला आहे; माणसाच्या कानाआधी त्याला चाहूल लागली असेल. रोहिणीने स्वतःला ही सगळी उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तर देताना ते पोकळ आहे हे तिला कळत होतं. माइकचे कान कितीही चांगले असोत, जे वाजलंच नाही ते त्याला कुठून ऐकू येणार?

तिने पुन्हा हेडफोन लावले. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मी आता टाळी वाजवणार नाही, तिने ठरवलं. काही झालं तरी नाही.

कानात टाळी वाजली.

हात मांडीखाली होते. बोटं मुंग्या येईपर्यंत दाबलेली होती. ती तशीच बसून राहिली आणि मनातल्या मनात हसलीसुद्धा: आला का पुरावा? वाजलीच नाही टाळी.

दार ढकलून विमलाबाई आत आल्या. त्यांच्यामागून एक कबुतर घुसलं आणि गोधड्यांवरून फडफडलं.

“हुश्श!” विमलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी टाळी वाजवली.

४

ही गोष्ट तिने आईला सांगितली नाही. सांगून काय सांगणार? आणि आई गात होती. तीन दुपारी विमलाबाई अशा गायल्या, की माइकजवळ बसलेली रोहिणी श्वास घ्यायला विसरे. मधूनच लाल चौकट येई, मग बफरची आणखी एक पायरी, मग पुन्हा गाणं. प्रत्येक पायरीबरोबर विमलाबाईंच्या गाण्यात एक थांबा येऊ लागला. आधी शब्दाएवढा. मग ओळीएवढा. त्या हेडफोनवर हात ठेवून ऐकत, मान डोलवत, कुणीतरी वाट दाखवत पुढे चालल्यासारख्या, आणि मग तीच ओळ उचलत.

रोहिणीचं लक्ष मीटरकडे असे. आई गाताना ते खाली असायचं. आई गप्प बसून ऐकायला लागली की ते चढायचं. खोलीत कुणी काही करत नसताना संगणकाला ऊर फुटेस्तोवर काम होतं.

एका दुपारी विमलाबाई अख्खं कडवं ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या.

*पुढली गेली वळणावर, दिसंना तिची पाटी गं,*
*मागली उभी राहिली, आता कुणापाठी गं...*

“हे कडवं कधीचं?” रोहिणीने विचारलं. “हे तू कधी म्हटलं नाहीस.”

विमलाबाई विचारात पडल्या. “माझं नाय हे.”

“मग कुणाचं?”

“आत्ताच ऐकलं की. तीच म्हनली, म्हनून मी म्हनले.” त्यांनी ते पुन्हा पुटपुटून पाहिलं, नव्या चोळीचं कापड चाचपावं तसं. “पन चांगलं हाय गं. मी केलं आसतं तं आसंच केलं आसतं.”

बाहेरून पापडवालीची हाक येत होती. रोहिणीला वाटलं, ती हाकही आपण मघाशी ऐकली आहे. मग वाटलं, नाही, ही रोजच येते.

५

महेश आला तो बॅग घेऊनच. त्याने संगणकाचं पोट उघडलं, धूळ उडवली, पंखा पाहिला, ताप मोजला. “ताई, मशीन ठणठणीत आहे. तुझ्या माझ्यापेक्षा.”

“तू एकदा कानाला लावून बघ.”

“काय ऐकू? मावशीचं गाणं? तिकीट किती?” त्याने हेडफोन लावले, खुर्ची मागे झुलवली. विमलाबाई समोर खायचं पान लावत बसल्या होत्या. घशाचं दुखणं काहीही म्हणो, पान सुटत नव्हतं. महेश हसत होता, मग नुसता बसला होता. खुर्चीचं झुलणं थांबलं. त्याने हेडफोन काढले आणि वायर नीट गुंडाळली. गरज नव्हती तरी.

“काय ऐकलंस?”

“काही नाही. डिस्टर्बन्स आहे.” तो उभा राहिला. “मी निघतो, ताई, चहा नको.”

“चहा कुठे विचारला मी अजून?”

महेशचा चेहरा उतरला. तो तोंडावर हात ठेवून उभा राहिला, आत्ता निघालेले शब्द परत आत ढकलता येतात का ते पाहत असल्यासारखा. मग हळू म्हणाला, “माझा लॅपटॉप ठेवून जातो. या जुन्यावर करू नकोस. याच्यावर काही करू नकोस.”

रोहिणीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी माइक महेशच्या लॅपटॉपला लावला. लॅपटॉप गुणी होता. एकही चौकट नाही, मीटर तळाशी. विमलाबाई माइकसमोर बसल्या, तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

“हितं कोनी नाय,” त्या म्हणाल्या.

“मी आहे ना.”

“तू हायस. पुढं कोनी नाय.” त्यांनी गळ्यावर हात फिरवला. “पोरी, मला नाय येत गं पुढं व्हता. शिकवलंच नाय कोनी. शाहिरांनी बी नाय शिकवलं, आन् मी बी नाय मागितलं.”

त्या दिवशी एक ओळही भरली गेली नाही. रोहिणी लॅपटॉपवर चिडली, महेशवर चिडली, मेलेल्या बापावर तर इतकी चिडली, की जिना उतरताना भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे तिने पाहिलं नाही. त्याच बापाच्या मागे उभं राहून तयार झालेला आवाज आता एका बिघडलेल्या यंत्राच्या मागे उभा होता. आणि यंत्राशिवाय तो उभाच राहत नव्हता.

६

रविवारी दुपारी तिने माइक पुन्हा जुन्या संगणकाला लावला. बाकीची गाणी झाली होती. पाटीचं गाणं सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तेवढं राहिलं होतं. आणखी एक माइक तिने स्वतःच्या टेबलाशी उभा केला. आईला सूचना देता याव्यात म्हणून. निदान तसं ती स्वतःला म्हणाली.

चौकट आली. बफर. पुन्हा चौकट. बफर शेवटच्या पायरीवर गेला, आणि मीटर काठाला टेकून तसंच थांबलं. चौकट आली नाही.

विमलाबाई ऐकत होत्या. खूप वेळ. खोलीत ऊन गोधड्यांच्या ठिगळांवरून सरकत होतं, लाल ठिगळावरून निळ्यावर. कबुतरं गप्प होती. रोहिणीला झापड आल्यासारखं झालं, आणि त्या झापडीत तिला एक साधी गोष्ट कळली. आवाज एक शब्द पुढे होता, मग ओळ, मग कडवं. आता तो किती पुढे आहे? संध्याकाळपर्यंत? उद्यापर्यंत? उद्याच्या पलीकडे?

डॉक्टरांना जे सांगता आलं नव्हतं, ते आत्ता आईच्या कानात चालू होतं.

“आई, काढ ते.”

विमलाबाईंनी हात वर केला. थांब.

“आई!”

“तू गातीस,” विमलाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नवल होतं. “लय वाईट गातीस. पन गातीस. माझंच हाय, पाटीचं. पुढं तू हायस.”

“आणि तू?”

हेडफोन काढून त्यांनी लेकीच्या डोक्यावर चढवले, लहानपणी कानटोपी चढवत तसे, दोन्ही हातांनी.

खोलीचा आवाज. हीच खोली, पंखा बंद, गोधड्यांची ऊब. मग रोहिणीचा स्वतःचा आवाज, तिने आयुष्यात कधी काढला नव्हता असा, उघडा, भसाडा. *पुढलीच्या डोईवर मातीची पाटी गं.* ओळ संपली, आणि आवाज थांबला. झील घेणाऱ्यासाठी जागा सोडतात तसा. त्या जागेत कुणीतरी छातीभर श्वास घेतला. ओळ उचलण्याआधी घेतात तो.

आणि मग काही नाही. श्वास तसाच सुटला.

पुढची ओळ. जागा. श्वास. काही नाही.

रोहिणीने हेडफोन ओढून मांडीवर टाकले. समोर आई बसली होती, पदर सावरत, उद्या कुठे गावाला जायचंय अशा चेहऱ्याने.

“ऐकलंस?” विमलाबाई म्हणाल्या. “मग व्हय पुढं.”

“मी नाही गाणार.”

“का?”

ती जन्मभर माणसांशी भांडली होती. निवेदकांशी, डॉक्टरांशी, कंपन्यांशी. इथे भांडायला समोर कुणी नव्हतं. ती गायली, तर कानात ऐकलेलं सुरू होईल. ती गायली नाही, तर आई आत्ता गाणार नाही, आणि उद्या सोमवार.

“पोरी, माझ्याच्यानं सुरू व्हत नाय,” विमलाबाई हळू म्हणाल्या. “आन् त्याच्यात आता मी नाय. तूच हायस. तू म्हन, मी धरते.”

रोहिणीने रेकॉर्डिंग सुरू केलं. डोळे मिटले. तोंड उघडलं.

*पुढलीच्या डोईवर मातीची पाटी गं...*

आवाज उघडा होता, भसाडा होता. ओळीच्या शेवटी ती थांबली. तिला आईचा श्वास ऐकू आला, छातीभर घेतलेला, आणि त्या एका क्षणात खोलीतलं सगळं ऊन जागच्या जागी थबकलं.

मग झील उठली.

उठली ती अशी, की गोधड्या हलल्या असाव्यात. मांडवाच्या टोकाला पोचणारा तो आवाज, चिरा नसलेला, गाठ नसलेला. रोहिणीने डोळे उघडले. आई समोर डोळे मिटून गात होती, एक हात कानाशी, गळ्याची शीर तट्ट फुगलेली.

रोहिणीने पडद्याकडे पाहिलं.

दोन ट्रॅक सरकत होते. वरच्या ट्रॅकवर तिची स्वतःची ओळ डोंगरासारखी उमटली होती, तिच्यापुढे सपाट. खालचा ट्रॅक आईचा. त्यावर श्वासाएवढा एक उंचवटा, आणि त्याच्यापुढे सरळ रेघ. आई गात होती आणि रेघ सरळ जात होती.

माइकचा दिवा लागलेला होता. वायर घट्ट होती. थांबवायला हवं होतं. वायर काढून पुन्हा लावायला, ट्रॅक तपासायला, पुन्हा सुरू करायला. तिचा हात तिथवर गेलाही. मांडीवरच्या हेडफोनमधून बारीक आवाज येत होता. एकट्या बाईचा. थांबत, जागा सोडत, पुन्हा गात.

झील संपत आली. विमलाबाई पुढच्या ओळीची वाट पाहत मान डोलवत होत्या.

रोहिणीने हात मागे घेतला आणि पुढची ओळ टाकली. मग त्याच्या पुढची. तिने पडद्याकडे पाहणं सोडून दिलं. ती आईच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि नव्या कडव्यापर्यंत, वळणावर गेलेल्या त्या बाईपर्यंत, एकेक ओळ आईच्या पुढ्यात ठेवत गेली.

गाणं संपलं. विमलाबाईंनी डोळे उघडले. घसा बसला होता, पण चेहरा न्हाऊन आल्यासारखा होता.

“आलं का गं समदं?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“आलं,” रोहिणी म्हणाली.